गच्चीवरच्या जुन्या छत्रीनं परग्रहावरचा सिग्नल शोधायचा कसा

केबलच्या जमान्यातली सहा फुटी जाळीची छत्री तुमच्या गच्चीवर गंजत पडली असेल, तर ती कबाडीला देऊ नका. मी नागपुरात, महालात, सतरा वर्षं केबल चालवली. सेट-टॉप बॉक्स आले, धंदा हातातून गेला आणि माझ्याकडे तीन छत्र्या, क्रिम्पिंगची पक्कड आणि वायरची चार भेंडोळी उरली. त्यातल्या एका छत्रीवर आज मी आणि माझी पुतणी सई आकाशगंगेतला हायड्रोजन टिपतो. त्याच फ्रिक्वेन्सीच्या आजूबाजूला कुणी मुद्दाम पाठवलेल्या सिग्नलची बारीक रेघ दिसते का, तेही बघतो.

सुरुवात सईच्या प्रश्नानं झाली. रमण विज्ञान केंद्रातलं तारांगण बघून परत येताना ती म्हणाली, "मोठे बाबा, शास्त्रज्ञ एलियनचा सिग्नल शोधतात म्हणजे रोज उठून नेमकं करतात काय?" मला उत्तर देता आलं नाही. मग आम्ही दोघं शिकत गेलो. त्या तीन वर्षांत जे हाताला लागलं, ते इथं लिहितो आहे.

एक गोष्ट आधीच सांगतो. सहा फुटी छत्रीची पोच थोडी आहे. पोर्तो रिकोतल्या आरेसिबोच्या, आता कोसळलेल्या, प्रचंड रेडिओ दुर्बिणीवर जसं रडार होतं, तेवढ्या ताकदीचं यंत्र कुणी थेट आपल्याकडे रोखलं, तर ते आम्हाला कागदावरच्या हिशेबानं चारएक प्रकाशवर्षांवरून जेमतेम ऐकू येईल. म्हणजे सूर्याच्या सगळ्यात जवळच्या ताऱ्यापर्यंत, तेवढंच. पण शंभर मीटरच्या दुर्बिणीवर शास्त्रज्ञ ज्या पायऱ्या चढतात, त्यातली जवळजवळ प्रत्येक पायरी या छत्रीवर स्वतःच्या हातानं चढता येते.

फ्रिक्वेन्सी कोणती लावायची, हा पहिला प्रश्न. धंद्यात उपग्रहांची छापील यादी मिळायची. इथं यादी द्यायला कोणी नाही. १९५९ साली जुझेप्पे कोकोनी आणि फिलिप मॉरिसन या दोन भौतिकशास्त्रज्ञांनी ‘नेचर’मध्ये यावर एक तोडगा मांडला. विश्वात सगळ्यात जास्त असलेलं मूलद्रव्य हायड्रोजन. त्याचा अणू १४२०.४ मेगाहर्ट्झवर स्वतःहून बारीक रेडिओ आवाज करतो, त्या लहरीची लांबी २१ सेंटिमीटर. आकाशाचा अभ्यास करणारा कुणीही, कुठल्याही ग्रहावरचा, ही फ्रिक्वेन्सी ओळखणारच. ज्याला भेटायचंय त्याचा पत्ता नाही, पण गाव एकच असेल तर माणूस झिरो माइलच्या दगडाशी जाऊन उभा राहील, तसं हे. पुढच्याच वर्षी फ्रँक ड्रेकनं अमेरिकेत ग्रीन बँकला २६ मीटरच्या छत्रीनं दोन तारे ऐकले, एक तिमिंगल तारकासमूहातला, एक यमुनेतला. या शोधाची पद्धतशीर सुरुवात तिथून झाली. आपल्या फायद्याची आणखी एक गोष्ट म्हणजे १४०० ते १४२७ मेगाहर्ट्झचा पट्टा खगोलशास्त्रासाठी जगभर राखून ठेवलेला आहे. तिथं प्रक्षेपण करायला मनाई आहे.

छत्री आणि डबा

जाळीची भोकं दोन सेंटिमीटरपेक्षा लहान असली की झालं. २१ सेंटिमीटरच्या लहरीला अशी जाळी अखंड पत्र्यासारखीच वाटते. सेंटिमीटरभर पोचा असेल तर सोडून द्या. मोठा असेल तर रबरी हातोडीनं मागून हळूहळू काढा.

छत्रीच्या तोंडाशी असलेला जुना एलएनबी, म्हणजे सिग्नल पकडून वाढवणारा भाग, मात्र काढून टाका. तो ४ गिगाहर्ट्झच्या आसपासचा असतो, इथं उपयोगाचा नाही. त्याच्या जागी आपली लहर पकडायला पत्र्याचा डबा बसवायचा. डबा कुठं बसवायचा ते असं काढा: छत्रीच्या कडेपासून समोरच्या कडेपर्यंत दोरी ताणून व्यास मोजा, मग दोरीच्या मध्यापासून छत्रीच्या तळापर्यंत खोली मोजा. व्यासाचा वर्ग करा आणि त्याला खोलीच्या सोळापटीनं भागा. आमची छत्री १८० सेंटिमीटर व्यासाची, खोली ३० सेंटिमीटर. उत्तर आलं साडेसदुसष्ट. तळापासून तेवढ्या उंचीवर डब्याचं तोंड आलं पाहिजे, तोंड छत्रीकडे.

डबा गोल, पत्र्याचा आणि १५ सेंटिमीटर व्यासाचा घ्या. साडेबारापेक्षा अरुंद डब्यात ही लहर शिरतच नाही, आणि सोळाच्या वर गेलात तर ती आत वेडीवाकडी फिरायला लागते. उंची निदान २८ सेंटिमीटर हवी. आम्ही इतवारीतून फरसाणाचे दोन डबे आणले, एकाचा तळ कापला आणि दोन्ही एकमेकांना झाळले. बंद तळापासून ९.३ सेंटिमीटरवर भोक पाडून कनेक्टर बसवला. कनेक्टरच्या मधल्या टोकाला घरच्या वायरिंगमधली दीड एमएमची तांब्याची तार झाळली, ती डब्याच्या आत सरळ उभी. तार आधी ५.३ सेंटिमीटर ठेवा आणि मग अर्धा-अर्धा मिलिमीटर कापत या. आमची ५ वर थांबली.

इथं आमचे दोन आठवडे गेले, तुमचे जाऊ नयेत म्हणून सांगतो. सगळं जोडलं, तरी लॅपटॉपवर काहीच हलेना. छत्री आभाळाकडे करा की भिंतीकडे, पातळी तीच. कनेक्टर बदलला, वायर बदलली. शेवटी सईनं डबा उन्हात तिरपा धरून आत बघितलं आणि म्हणाली, "आतून हा सोनेरी का आहे?" खाण्याच्या डब्याला आतून पारदर्शक सोनेरी लॅकर असतं. खारट पदार्थानं पत्रा गंजू नये म्हणून ते लावतात, आणि त्यातून वीज जात नाही. माझा कनेक्टर पत्र्यावर नव्हे, लॅकरवर बसला होता. मल्टिमीटरचं एक टोक कनेक्टरला आणि दुसरं डब्याच्या कापलेल्या कडेला लावलं, बीप आला नाही. भोकाभोवती दोन बोटं रुंदीचं लॅकर पॉलिश पेपरनं घासून चंदेरी पत्रा उघडा केला, कनेक्टर परत आवळला, आणि बीप वाजला. जोडणी करताना प्रत्येक टप्प्यावर हा बीप ऐका.

ॲम्प्लिफायर डब्याला चिकटूनच लावायचा. खाली लॅपटॉपपाशी लावला तर वायरीत मेलेला सिग्नल वाढवून काही मिळत नाही. केबलवाल्याला हे समजावावं लागत नाही, एलएनबी छत्रीच्या तोंडाशी त्याचसाठी असतो. हायड्रोजनसाठी तयार मिळणारे ॲम्प्लिफायर मागवा, त्यात १४२० चा फिल्टर आतच असतो. शहरात फिल्टर नसेल तर मोबाइल टॉवर सगळं बुडवून टाकतात. तिथून साधी आरजी-६ वायर खाली आणा आणि यूएसबीचा एसडीआर डोंगल, म्हणजे सॉफ्टवेअरवर चालणारा छोटा रेडिओ, लॅपटॉपला लावा. पूर्वी ज्या कामाला खोलीभर यंत्रं लागायची, ते आता हा बोटाएवढा डोंगल आणि फुकट मिळणारं सॉफ्टवेअर करतं. ॲम्प्लिफायरला वीज त्याच वायरीतून जाते, त्यासाठी सॉफ्टवेअरमध्ये बायस-टी चालू करावा लागतो. ते विसरलात तर सगळं मुकं राहील. डोंगल चालू करून अर्धा तास तापू द्या, त्याआधी त्याची फ्रिक्वेन्सी सरकत राहते. आपल्याकडच्या मे महिन्यात दुपारी हे काम करूच नका. आणि पावसाळ्यात ढग गडगडले की वायर आधी काढायची, मग जिना उतरायचा.

आधी हायड्रोजन

पहिली परीक्षा साधी आहे. छत्री गच्चीच्या कठड्याकडे वळवा. भिंत तापलेली असते, तिचा रेडिओ आवाज जास्त. मग छत्री मोकळ्या आभाळाकडे करा. पातळी स्पष्ट खाली उतरली पाहिजे. उतरत नसेल तर पुढं जाऊ नका, चूक जोडणीत आहे.

दुसरी परीक्षा सूर्याची. डब्याची सावली छत्रीच्या बरोबर मध्यावर पडली की छत्री सूर्याकडे आहे, आणि पातळी उसळी मारते. नागपूरकरांना यात एक सोय आहे. मेच्या शेवटच्या आठवड्यात शून्य सावलीचा दिवस येतो, दुपारी बारा वाजून दहा मिनिटांच्या सुमारास सूर्य बरोबर डोक्यावर असतो. त्या दिवशी पाच मिनिटं ऊन सोसा, ओळंबा लावून छत्री उभी सरळ करा आणि खांबावर खूण करून ठेवा. वर्षभर कामी येते.

मग आकाशगंगा. हंस तारकासमूह सगळ्यात सोपा. सप्टेंबरात रात्री साडेआठ-नऊला तो उत्तरेकडे उंच असतो, मे महिन्यात पहाटे पाचला. ढग असले तरी चालतं, या लहरीला ढग आडवे येत नाहीत. छत्री एका जागी बांधून ठेवा, आभाळ आपोआप तिच्यासमोरून सरकतं. आधी आकाशगंगेपासून दूर, रिकाम्या आभाळाचं दहा मिनिटांचं सरासरी मोजमाप घ्या, मग हंसाचं घ्या, आणि दुसऱ्याला पहिल्यानं भागा. डोंगलचा आणि फिल्टरचा स्वतःचा आकार त्यात निघून जातो. उरलेल्या सरळ रेषेवर १४२०.४ च्या आसपास एक उंचवटा दिसेल, चादरीखाली उशी असावी तसा. तो हजारो प्रकाशवर्षं पसरलेला हायड्रोजन आहे.

उंचवटा रुंद का, त्याला कधी दोन टोकं का, हेही मोजता येतं. वायू आपल्याकडे येत असेल तर फ्रिक्वेन्सी वर सरकते, लांब जात असेल तर खाली. इथं एक मेगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला २११ किलोमीटर. सईनं पहिल्या आठवड्यातच दोन टोकांतलं अंतर मोजून आकाशगंगेच्या दोन भागांचे वेग वहीत लिहिले. ती वही मी जपून ठेवली आहे.

मग बारीक रेघ

निसर्गाच्या रेडिओ आवाजाला रुंदी असते. अवकाशातल्या मेझरसारख्या (वायूच्या ढगांतून निघणाऱ्या, लेझरसारख्या रेडिओ लहरी) सगळ्यात बारीक नैसर्गिक रेषाही शेकडो हर्ट्झ रुंद असतात. एक-दोन हर्ट्झची रेघ निसर्गात कुणी काढत नाही, ती ट्रान्समीटरच काढतो. म्हणून शास्त्रज्ञ पट्टा चिरून त्याच्या एक-एक हर्ट्झच्या फाका करतात. आमचा डोंगल एका वेळी २.४ मेगाहर्ट्झ घेतो, म्हणजे २४ लाख फाका. हे काम कॉम्प्युटरचं. तुम्ही फक्त वॉटरफॉल बघायचा, ज्यात आडवी फ्रिक्वेन्सी आणि उभी वेळ असते.

त्यात दुसरी खूण शोधायची: रेघ तिरकी आहे का? पृथ्वी फिरते, नागपूर तिच्याबरोबर फिरतं, म्हणून बाहेरून आलेली स्थिर फ्रिक्वेन्सीसुद्धा आपल्याला सरकताना दिसते. १४२० वर हे सरकणं जास्तीत जास्त सेकंदाला ०.१५ हर्ट्झ. पाठवणाराही एखाद्या फिरत्या ग्रहावर असेल तर आणखी. म्हणून शास्त्रज्ञ सेकंदाला चार हर्ट्झपर्यंतच्या तिरक्या रेघा तपासतात. अगदी उभी, न सरकणारी रेघ बहुतेक वेळा आपल्याच जमिनीवरची असते. आपली पद्धत चालते का हे बघायला त्यांच्याकडे छान कसोटी आहे, व्हॉयेजर १. १९७७ साली निघालेलं हे यान आज २,४०० कोटी किलोमीटरच्याही पलीकडे आहे. त्याचा ट्रान्समीटर घरच्या जुन्या ट्यूबलाइटपेक्षा कमी वॅटचा, तरी ग्रीन बँकच्या मोठ्या दुर्बिणीत त्याची तिरकी रेघ स्वच्छ दिसते.

तिसरी परीक्षा सगळ्यात महत्त्वाची. पाच मिनिटं ताऱ्याकडे बघायचं, पाच मिनिटं बाजूला, परत ताऱ्याकडे, परत बाजूला. असं तीनदा. ताऱ्याचा सिग्नल फक्त ताऱ्याकडे बघतानाच दिसला पाहिजे. बाजूला बघतानाही दिसला, तर तो आपल्या गावचा.

हे सगळं मला पाठ होतं. तरी एका मे महिन्यात, पहाटे हंसाकडे छत्री लावून बसलेलो असताना, १४१९.९८ मेगाहर्ट्झवर सुईसारखी रेघ उगवली. वेळ ५ वाजून ४० मिनिटं. एका हर्ट्झच्या फाकेत बसेल एवढी बारीक, आणि सरकत होती, सुरुवातीला सेकंदाला एक हर्ट्झच्या आसपास, मग हळूहळू मंद. साडेसहाला गायब. सईला उठवलं. दुसऱ्या दिवशी परत आली. मी चार दिवस धड झोपलो नाही.

सईनं तपासणी सुरू केली. तिनं आधी रेघ सुरू कशी होते आणि संपते कशी ते बघितलं. आमची छत्री बांधलेली असताना आकाशातली जागा तिच्या नजरेत शिरते, वाढत जाते, उतरते आणि सुमारे चाळीस मिनिटांत निघून जाते. १९७७ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेतल्या ओहायोच्या दुर्बिणीला मिळालेला प्रसिद्ध ‘वॉव’ सिग्नल अगदी तसाच होता, ७२ सेकंदांत चढला आणि उतरला, कारण त्या दुर्बिणीची नजर तेवढीच अरुंद होती. आमची रेघ मात्र एकदम पूर्ण ताकदीनं यायची आणि एकदम बंद व्हायची, बटण दाबावं तशी.

मग वेळ. तारे रोज चार मिनिटं आधी उगवतात. १९६७ साली खगोलशास्त्रज्ञ जोसलिन बेल यांना पहिला पल्सार, म्हणजे ठरावीक ठोक्यानं रेडिओ लहरी पाठवणारा तारा, सापडला, तेव्हा तो सिग्नल ताऱ्यांच्या वेळापत्रकानं येत होता. म्हणूनच तो आकाशातला आहे हे त्यांना कळलं. आमची रेघ दहा दिवसांनीही ५.४० लाच आली. चाळीस मिनिटं आधी यायला हवी होती. आणि शेवटी छत्री दक्षिणेकडे फिरवली, तरी रेघ जागची हलली नाही.

रोज ५.४० ला आमच्या गल्लीत काय होतं? नळ येतो.

सईनं हातभर तारेचा छोटा अँटेना डोंगलला लावला आणि लॅपटॉप घेऊन गच्चीभर फिरली. बाजूच्या घराच्या टाकीजवळ रेघ उंच झाली. तिथल्या काकू मोटर बंद करायला वर आल्या होत्या. आम्ही विचारलं तर म्हणाल्या, "हे पाण्याचं मीटर आहे जी, टाकी भरली की सांगून राहिलं. मोटर लावली की हे लागते." त्या यंत्राच्या आत २० मेगाहर्ट्झचा क्रिस्टल होता, म्हणजे यंत्राला ठोके देणारा तुकडा. त्याच्या फ्रिक्वेन्सीच्या पटींवरही बारीक रेघा गळतात. वीस गुणिले एकाहत्तर, चौदाशे वीस. क्रिस्टल नेमका वीस नसतो, थोडा कमी-जास्त असतो, म्हणून १४१९.९८. चालू झाल्यावर तापतो, म्हणून रेघ सरकायची, आणि तापून स्थिर झाला की सरकणं मंदावायचं. काकूंनी आमच्यासमोर बटण बंद केलं, रेघ गेली. परत चालू केलं, आली. त्यांना आम्ही वॉटरफॉल दाखवला. त्यांनी तीनदा बटण दाबून बघितलं.

हे आमच्याच बाबतीत घडलं असं नाही. २०१९ साली ऑस्ट्रेलियातल्या पार्क्स दुर्बिणीला सूर्याच्या सगळ्यात जवळच्या प्रॉक्सिमा ताऱ्याच्या दिशेनं ९८२ मेगाहर्ट्झवर बारीक, सरकणारी रेघ मिळाली. ती पाच तास टिकली आणि बाजूला बघतानाच्या वेळी दिसत नव्हती. सगळ्या चाळण्यांतून ती निघाली. मग शास्त्रज्ञांनी बाकीच्या फ्रिक्वेन्सींवर तशाच रेघा शोधल्या, त्या ठरावीक अंतरानं सापडल्या, आणि कळलं की साध्या इलेक्ट्रॉनिक यंत्रांतल्या अशाच क्रिस्टलच्या फ्रिक्वेन्सी एकमेकींत मिसळून ती तयार झाली होती. २०२१ मध्ये त्यांनी तसं जाहीर केलं. त्याच दुर्बिणीवर अनेक वर्षं कोडं ठरलेले काही क्षणिक झटके २०१५ साली मायक्रोवेव्ह ओव्हनचे निघाले. वेळ संपायच्या आधी कुणी दार उघडलं की ते यायचे. ड्रेकलाही १९६० मध्ये यमुनेतल्या ताऱ्याकडे बघताना जोरदार ठोके मिळाले होते. त्यानं खिडकीतून एक छोटा हॉर्न अँटेना बाहेर काढला. ठोके परत आले तेव्हा ते त्यातही ऐकू आले, म्हणजे ते ताऱ्याचे नव्हते. सईची हातभर तार आणि ड्रेकचा हॉर्न एकाच कामाचे.

म्हणून सांगतो, गच्चीवर बसायच्या आधी आपल्या गल्लीची वही करा. कुणाकडे कसला इन्व्हर्टर, कुठं सीसीटीव्ही, विमानाची वेळ, नळाची वेळ. आमच्या वहीत आता एकेचाळीस रेघांची नोंद आहे आणि प्रत्येकीपुढं घर लिहिलेलं आहे. नवीन रेघ आली की आधी वही उघडायची.

छत्री नसेल तरी अडत नाही. परग्रहावरचे सिग्नल शोधणाऱ्या, २०१५ मध्ये सुरू झालेल्या ब्रेकथ्रू लिसन प्रकल्पानं ग्रीन बँक आणि पार्क्सची बरीच मोजमापं सगळ्यांसाठी खुली ठेवली आहेत, त्यात व्हॉयेजरची फाइलसुद्धा आहे. पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा थोडी येत असेल तर ती तिरकी रेघ स्वतः काढून बघा. आणि नारायणगावजवळ खोडदला एकदा जाऊन या. खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांनी उभारलेल्या तिथल्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटरच्या तीस छत्र्या तारांच्या जाळीच्याच आहेत, आपल्या छत्रीसारख्या. विज्ञान दिनाच्या सुमारास त्या लोकांसाठी खुल्या असतात.

यंदा डिसेंबरात आम्ही ड्रेकचे दोन तारे ऐकणार आहोत. महिन्याच्या मध्यावर साडेआठच्या सुमारास तिमिंगलातला टाऊ सेटी बरोबर दक्षिणेला येतो, नागपुरातून ५३ अंश उंच. दहा वाजून गेले की यमुनेतला एप्सिलॉन एरिडानी, ५९ अंशांवर. पाच मिनिटं ताऱ्याकडे, पाच मिनिटं बाजूला. छत्री हातानंच फिरवावी लागते, म्हणून दोन माणसं लागतात, एक नट सैल करायला आणि एक घड्याळ बघायला. काकूंनी त्या दोन तासांत मोटर लावणार नाही असं सांगितलं आहे.